बैल पाणी पिईपर्यंत

परवा एका गिऱ्हाइकानं मला विचारलं, "शेठ, हा धंदा तुमी कोणापाशी शिकले?" मी म्हणालो, "कोणापाशीच नाही. स्वतःच्या हिमतीवर शिकलो." हे उत्तर मी वीस वर्षं देत आलो आहे आणि दर वेळी ते मला आवडतं. परवा मात्र ते दिल्यावर जेवण गेलं नाही. डबा तसाच बंद केला आणि ऑफिसच्या काचेतून यार्डात उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरांकडे पाहत बसलो.

शिकलो ते देवसिंग काकांपाशी. देवसिंग राठोड, दारव्ह्याच्या बैलबाजारातले दलाल. ते गेले त्याला आता तिसरा हिवाळा लागला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे. पण मी दलालीत वाढलेला माणूस आहे. आधी तक्रार सांगतो, मग माणूस सांगतो.

तक्रार अशी, की सतरा वर्षं मी त्यांच्या तोंडून एका वाक्याची वाट पाहिली. "सुदाम, तू वर आला बाप्पा." बस, एवढंच. मी काही जास्त मागत नव्हतो. बाजारात ज्याला त्याला "लय चांगलं केलं लेका" म्हणणारा हा माणूस, मला तेवढं द्यायला त्यांचं काय जात होतं? दिलं नाही. आणि आता देणार नाहीत.

मी नेर तालुक्यातल्या एका खेड्यातला. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालदार होता. घरी एक गोऱ्हा वाढवला होता, तो विकायला मी तेविसाव्या वर्षी दारव्ह्याच्या बाजारात आलो. बैलबाजाराची पद्धत मला ऐकून माहीत होती. भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांनी हातात हात द्यायचा, वर दुपट्टा टाकायचा आणि खाली बोटं दाबून किंमत सांगायची. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. घेणाऱ्याकडून काका उभे होते. उंच, वाळलेले, डोक्यावर पांढरं पागोटं, कानात बाळी. डाव्या हाताची करंगळी मोडून वाकडी बसलेली. दुपट्ट्याखाली मी तोंड अगदी दगडासारखं ठेवून त्यांची बोटं दाबली. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि हसले.

"तोंड गप हाय तुयं. पण बोटं बोंबलून राह्यले. घरी लय अडचण हाय काय?"

माझ्या डोक्यात सणकन राग गेला. "तुमाले काय करा लागते? भाव बोला."

"राग हाय तं जमंन तुले हा धंदा," ते म्हणाले. "फक्त तो बोटात नको येऊ देऊ."

गोऱ्ह्याला माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली किंमत आली. घेणाऱ्याकडून उभं राहून त्यांनी मला ती दिली, हे तेव्हा मला बावळटपणाचं वाटलं. पुढच्या बाजारी मी पुन्हा आलो, विकायला काही नसताना. त्यांच्यामागे उभा राहिलो. त्यांनी मला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. अशी नऊ वर्षं गेली.

बैल पाहणं मी त्यांच्याकडून शिकलो. दात सगळेच मोजतात. काका बैलाच्या मागून चालत जायचे आणि त्याची सावली पाहायचे. म्हणायचे, पाय लंगडत असला तर मालक लपवतो, पण सावलीत लपत नाही. अनोळखी बैलाच्या तोंडाला ते आधी हात लावायचे नाहीत. तळहात पुढे करून उभे राहायचे आणि बैलानं वास घेतल्यावर मगच जवळ जायचे. बाजारात दोन-तीन बाजार ओळीनं न विकला गेलेला बैल त्यांना हमखास माहीत असायचा. त्याच्या मालकाशी ते आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तसं हळू बोलायचे.

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. गिऱ्हाईक आलं की बाकीचे दलाल विचारायचे, कितीपर्यंत पाहिजे. काका विचारायचे, "बैल कायले पाह्यजे?"

माणूस बुचकळ्यात पडायचा. "कायले म्हंजे? वावर वाहाले."

"ते तं दिसतेच. पण कायले?"

आणि मग माणसं सांगायला लागायची. बैल राहायचा बाजूला. एक म्हणायचा, भावानं वाटणी करून माळाचा तुकडा दिला, त्यातून पीक काढून त्याला दाखवायचं आहे. एखादी बाई म्हणायची, जोडीतला एक मेला, उरलेला चारा खात नाही, त्याला सोबत पाहिजे. कुणी पोरीच्या लग्नाचं सांगायचा, कुणी म्हणायचा बापाची शेवटची इच्छा होती. मी मागे उभा राहून चडफडायचो. एवढ्या वेळात दोन सौदे होतात. काका सगळं ऐकून घ्यायचे, मग उठायचे आणि बाजारातून एक बैल शोधून आणायचे. तो बहुतेक वेळा त्या माणसाच्या मनातला नसायचा, पण तो माणूस तोच घेऊन जायचा.

मलाही त्यांनी एकदा विचारलं. आम्ही लिंबाखाली भाकर खात होतो.

"तुले पैसा कायले पाह्यजे रे सुदाम्या?"

"वर याले."

"वर येऊन?"

"वर येऊन काय म्हंजे? वर येऊन वर राहाले!"

त्यांनी आणखी एक चटणीचा घास घेतला. माझं उत्तर चुकलं असं ते म्हणाले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी भांडायलाही जागा ठेवली नाही.

कळंबच्या अलीकडच्या एका गावातला म्हातारा आला होता. पोरांनी वावर विकून यवतमाळला प्लॉट घेतले होते. म्हाताऱ्याजवळ घर आणि रिकामा गोठा एवढंच उरलेलं. त्याला बैल पाहिजे होता.

"कायले?" काकांनी विचारलं.

म्हातारा म्हणाला, "सकाळी डोळा उघडते. उठून काय करू? कोणाले चारा टाकू?"

मी हसलो. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हसायचा थांबलो. त्यांनी त्याच्यासाठी एक थकलेला पांढरा बैल शोधला, नांगराला न जाणारा, पण शांत. सौदा झाला. दलालाचं काम तिथं संपतं. माल बाजाराच्या फाटकाबाहेर गेला की त्याचं पुढं काय होतं ते घेणारा जाणे. पण काकांची एक रीत होती. होईल तिथवर ते बैलाबरोबर जायचे. नव्या दावणीला बांधून, त्यानं तिथलं पाणी प्यायल्याशिवाय परत यायचे नाहीत.

त्या दिवशी टेम्पोत बैल चढवून आम्ही निघालो. म्हाताऱ्यानं गोठा झाडून ठेवला होता, कडबा टाकला होता, टाकं काठोकाठ भरलं होतं. बैलानं पाण्याकडे पाहिलंही नाही. दोन वाजले, तीन वाजले. नव्या जागेवर जनावर असं करतंच, मान वळवून ज्या वाटेनं आलं तिकडं पाहत राहतं. म्हातारा रडवेला झाला. "माह्या घरचं पाणी नाही भावत त्याले," म्हणू लागला. मी काकांच्या कानात म्हणालो, "चला ना आता. पिईल उद्या."

काका उठले. टाकं उपसायला लावलं. विहिरीचं ताजं पाणी बादलीत आणलं आणि त्यात आपला हात कोपरापर्यंत बुडवून ते ढवळलं. मग बादली बैलापुढे धरली, तोंडानं आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी पुटपुटत. बैलानं नाक लावलं. सकाळपासून त्याच्या पाठीवर फिरणारा तोच हात पाण्यात होता. तो प्याला. अर्धी बादली एका दमात. म्हातारा भिंतीला टेकून उभा होता, तो खालीच बसला.

परतीच्या वाटेवर मी चिडलो होतो. "आज दोन जोड्यांचे सौदे दुसऱ्यानं केले असतीन. आपला सौदा तं सकाळीच झालता."

"कुठी झालता?" काका म्हणाले. "आता झाला."

मग टेम्पोच्या फाळक्याला धरून उभ्या उभ्या त्यांनी मला आपल्या आज्याचं सांगितलं. त्यांचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. माल व्यापाऱ्याचा. वाटेत पाऊस, वाघ, चोर, आजार. पोरं वाटेतच जन्मायची, म्हातारी वाटेतच मरायची. "आजा म्हने, माल आपला नाही, बैल बी आपला म्हनू नका. आपलं काय, तं पोचवनं. पोचलं की झालं." एवढं ऐकता ऐकता मला झोप लागली.

बाजारात शेवंताबाईचं चहाचं दुकान होतं. तिथं मेश्राम गुरुजी यायचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. गुरुजी आणि काका यांची मैत्री म्हणजे रोजचं भांडण होतं.

"देवसिंग, तुझं हे पोचवणं पोचवणं मला पटत नाही," गुरुजी एकदा म्हणाले. "दुसऱ्याचा माल जन्मभर वाहायचा आणि त्यालाच जगणं म्हणायचं? माझा बाप गावच्या विहिरीपासून लांब उभा राहायचा, कोणी वरून पाणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचा. छप्पन्न सालानंतर त्यानं मान वर केली. त्यानं मान वर केली म्हणून मी शाळेत गेलो. मी गेलो म्हणून माझ्या हाताखालून शेकडो पोरं शिकून गेली. माणसानं आपल्यासाठी उभं राहावं आणि दुसऱ्याला उभं करावं. याच्यासाठी जन्म असतो."

"तेच तं म्हनून राह्यलो गुरुजी," काका म्हणाले. "तुमच्या बापानं तुमाले पोचवलं. तुमी त्या पोरायले पोचवलं."

"अरे, तो माल नव्हे, माणसं!"

"मी कुठी माल म्हनलो?"

मी मध्ये तोंड घातलं. "ह्या सगळ्यापेक्षा आपली जागा, आपली गाडी, आपलं नाव. मानूस मेल्यावर लोक म्हनले पाह्यजे, शून्यातून उभं केलं यानं."

"मेल्यावर आयकाले येशील काय तू?" शेवंताबाई चुलीपासून म्हणाली. "मले इचारा ना कोणी. जीव हाय म्हनून जगून राह्यली मी. सरका, दूध उतू चाललं."

सगळे हसले. मीही हसलो. त्या दुकानातल्या त्या अर्ध्या तासासाठी मी आज काय देईन, हे बोलायला गेलो तर माझा भाव पडेल.

आता भांडण सांगतो.

मी तोवर स्वतंत्र सौदे करू लागलो होतो. एका शेतकऱ्याची जोडी माझ्याकडे विकायला आली. दिसायला राजबिंडी, पण त्यातला एक बैल नांगराला जुंपला की तासात, म्हणजे चालत्या ओळीत, मधेच बसायचा. मारलं तरी उठायचा नाही. मालकानं मला सांगितलं होतं. मी घेणाऱ्याला सांगितलं नाही. बाजारात सगळेच सांगत नाहीत, घेणाऱ्यानं पाहून घ्यायचं असतं. दुपट्ट्याखाली भाव ठरला. तोवरचा माझा सर्वांत मोठा सौदा. घेणारा कासऱ्याला हात घालणार, तेवढ्यात काका गर्दीतून आले. बैलाकडे एकदा पाहिलं आणि त्या माणसाला म्हणाले, "भाऊ, डावा बैल बसते."

सौदा मोडला. माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "चेल्याचं गुरूनंच मोडलं." माझे कान तापले. नऊ वर्षांत मी काकांना कधी अहो-जाहो सोडून बोललो नव्हतो. त्या दिवशी अरे-तुरे केलं. म्हणालो, "तू कोण होतं मधी बोलनारा? तुमचे लोकं पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याचं ओझं वाहत फिरले. मालक होनं तुले काय कळते?"

शेवंताबाईच्या दुकानातून गुरुजी उठून उभे राहिलेले मला दिसले.

काका म्हणाले, "वाह्यलं ना बाप्पा. खरं हाय. त्यातला दाणा नाही खाल्ला." आणि लिंबाखाली जाऊन बसले.

तेवढंच. शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मी दुसऱ्या बाजारी पायावर डोकं ठेवलं असतं. पण त्या थंड आवाजानं मला पायापर्यंत वाकूही दिलं नाही. मी बैलबाजार सोडला. त्या बसणाऱ्या बैलाला पुढे गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा काकांनीच त्याला तांड्यावर नेलं, म्हणजे आपल्या वस्तीवर. गुरुजींनी मला नंतर सांगितलं, तो बैल तासात बसला की काका जू सोडतात आणि त्याच्याजवळ बसून तंबाखू मळतात. "मी विचारलं त्याला, हे काय?" गुरुजी म्हणाले. "म्हणतो, त्याचं बी काही म्हननं असंल."

मी जुने ट्रॅक्टर घ्यायला-विकायला लागलो. बैल गेले, ट्रॅक्टर आले, त्या लाटेवर मी बरोबर वेळेला बसलो. रोडला लागून यार्ड घेतलं. वर माझ्या नावाची मोठी पाटी लावली. उद्घाटनाला गुरुजींच्या हातून काकांना निरोप पाठवला. काका आले नाहीत. गुरुजी म्हणाले, "तो म्हणतो, बाजाराचा दिवस आहे, कसा येऊ?" मी दोन दिवस धुमसत होतो. खरं म्हणजे बाजाराचा दिवस मीच मुद्दाम निवडला होता, येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्या मुलखानं पाटी पाहावी म्हणून. ज्या दिवशी काका लिंबाखालून हलणार नाहीत हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, तोच दिवस. तरी राग त्यांच्यावरच.

अशी सतरा वर्षं. जीपमधून जाताना मी लिंबाकडे पाहायचो. ते असायचे. पागोटं दिसायचं. पुढं पुढं त्यांच्याभोवतीची गर्दी कमी झाली, बैल कमी झाले, मग ते एकटेच बसलेले दिसू लागले. मी कधी गाडी थांबवली नाही. गिऱ्हाइकांशी बोलताना मात्र माझ्या तोंडून त्यांचेच शब्द निघायचे आणि मी ते माझे म्हणून खपवायचो.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, ते माझ्या यार्डात आले. सोबत त्यांचा मुलगा प्रकाश, चाळिशी ओलांडलेला. त्याला ट्रॅक्टर पाहिजे होता. काका काठी टेकत होते, पण पाठ ताठ होती. मी खुर्चीवरून असा उठलो की खुर्ची मागं पडली.

"या काका. बसा. प्रकाश, पंख्याखाली बस. चहा सांगतो. काका, पानी?"

"आधी पाह्यतो," ते म्हणाले.

मी त्यांना सगळं यार्ड दाखवलं. एक एक ट्रॅक्टर, कुठून आणला, कसा दुरुस्त केला. मागचं वर्कशॉप, चार मिस्त्री, पत्र्याचं शेड, पाटी. सांगताना मी चोरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. आता म्हणतील. आता.

"किती हायेत?"

"एकवीस."

"हं." ते उन्हात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांच्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ह्यायले सावली नाही ठेवली तू."

सतरा वर्षांनी हे. मी दात खाल्ले. "पैसा कायले पाह्यजे" असं त्यांनी पुन्हा विचारावं, म्हणून मी एक चांगलं उत्तर किती वर्षं घासून-पुसून ठेवलं होतं. ते त्यांनी विचारलंच नाही. गिऱ्हाईक म्हणून आले होते, गिऱ्हाइकासारखे वागले.

प्रकाशला एक निळा ट्रॅक्टर आवडला. मी मोठ्यानं, काकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "प्रकाश, पाहून घे. याची मागची लिफ्ट जड उचलते. डावं टायर दोन हंगाम चालंल, जास्त नाही. एकदा आपटलेला हाय, इथं पत्रा ठोकला." प्रकाश माझ्याकडे पाहतच राहिला. गाडीवाला स्वतःच्या गाडीची एवढी निंदा करताना त्यानं पाहिला नसेल. काका त्या वेळी वाकून टायरला हात लावून पाहत होते. त्यांनी ऐकलं की नाही मला आजही माहीत नाही.

भावाची वेळ आली. काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि हात पुढे केला. ट्रॅक्टरच्या धंद्यात असं कोणी करत नाही. तिथं मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवतात. माझे मिस्त्री हातातली कामं टाकून पाहायला उभे राहिले. मी हात दिला. दुपट्टा पडला. ती वाकडी करंगळी माझ्या तळहाताला लागली.

मी मुद्दाम पडता भाव दाबला. खरेदीच्याही खाली. मला दुसरी कुठली भाषा येत होती? जे मला बाजारात शंभर माणसांसमोर बोलता आलं आणि परत घेता आलं नाही, ते मी त्या बोटांत घातलं. काकांनी क्षणभर वाट पाहिली आणि एक बोट वाढवून दाबलं.

घेणारा भाव वाढवतो आहे. मी पुन्हा खाली आणलं. त्यांनी पुन्हा वर नेलं. असं तीनदा झालं. विकणारा खाली ओढतो आणि घेणारा वर, असा सौदा मी आयुष्यात पाहिला नाही, आणि वर दुपट्टा होता म्हणून दुसऱ्या कोणीही पाहिला नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा दगडाचा.

"बा, जमून राह्यलं का नाही?" प्रकाशनं काळजीनं विचारलं.

"हा लय ताणून राह्यला," काका म्हणाले.

मिस्त्री हसले. मला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं आणि राग आला, तिन्ही एकदमच. शेवटी काकांनी बाजारभावाला बोट आणलं आणि घट्ट धरून ठेवलं. एक पैसा कमी नाही, एक जास्त नाही. मी हात सोडवून घेतला. माझी माफी त्यांना समजली होती. बोटांची भाषा त्यांच्याइतकी कोणाला समजत होती? समजली, आणि त्यांनी ती एकेक बोट करून परत केली. का? भावात नको होती म्हणून? तोंडानं पाहिजे होती म्हणून? की त्यांच्या लेखी माफ करण्यासारखं काही उरलंच नव्हतं? हे विचारायला मला तोंड उघडावं लागलं असतं. मी रागात पटकन बोलतो, पण इथं जीभ उचलेना.

कागद झाले. प्रकाश ट्रॅक्टरवर चढला. काका माझ्याजवळ आले.

"तांड्यावर येतं काय? बाया पूजा करतीन ट्रॅक्टरची. जेवून जाशील. चल ना."

त्याच वेळी नेरहून दोन ट्रॅक्टर पाहायला एक पार्टी येणार होती. फोनवर फोन येत होते. मी घड्याळ पाहिलं. "आज नाही जमत काका. मोठं गिऱ्हाईक हाय. पुढच्या आठवड्यात नक्की येतो."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. तोच सूर, ज्यात ते बैलाला चल म्हणायचे.

नेरची पार्टी संध्याकाळी आली, चहा प्याली आणि काही न घेता गेली. पुढच्या आठवड्यात मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माघ लागताना गुरुजींचा फोन आला, देवसिंग गेला म्हणून. मी तेव्हा ट्रॅक्टर आणायला लांब गेलो होतो. चार दिवसांनी तांड्यावर पोचलो. काकीनं ओळखलं, पाणी दिलं. अंगणात तुऱ्हाट्यांचा नवा मांडव घातला होता आणि त्याखाली तो निळा ट्रॅक्टर उभा होता. प्रकाश म्हणाला, "बानंच घातला. आल्याबरोबर पयलं तेच केलं." बोलायला गेलो असतो तर सगळ्यांसमोर फुटलो असतो, आणि मी सगळ्यांसमोर फुटणारा माणूस नाही.

मला ते आठवतात ते त्या दुपारचेच, यार्डातून निघताना. प्रकाश गाडी चालवत होता आणि काका चाकावरच्या मडगार्डवर बसले होते, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं पागोटं सावरत. ट्रॅक्टर फाटकातून वळून डांबरी रस्त्याला लागला. मी पाटीखाली उभा राहून हात वर केला आणि बराच वेळ तसाच धरला. ते मागे वळून पाहतील असं मला वाटत होतं. पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते वाकून पोराला सांगत होते, गिअर हळू टाक.